अर्चना, आर्ची आणि फुले अनुराधा

२९ एप्रिल २०१६पर्यंत अर्चना हे महाराष्ट्रातलं एक निवांत नाव होतं. अर्चना म्हटलं की स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलेल्या बाई डोळ्यांसमोर यायच्या, नाहीतर बँकेच्या काउंटरमागून ‘सही तशी नाही, पासबुकात आहे तशी करा’ असं बजावणाऱ्या मॅडम. नवजात मुलीसाठी कुणी हे नाव सुचवलं असतं, तर ‘अहो, मावशीचं नाव आहे ते’ म्हणून तिथल्या तिथे निकालात निघालं असतं. त्या शुक्रवारी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला. पडद्यावरची अर्चना पाटील बुलेटवरून आली, ट्रॅक्टर चालवून गेली, वर्गातल्या पोरांना दम भरून गेली. आठवडाभरात राज्यातल्या तमाम अर्चनांना, अगदी गुडघेदुखीचं तेल लावून बसलेल्या अर्चनांनासुद्धा, ‘काय आर्ची, चहा टाकतेस का?’ अशी हाक ऐकू येऊ लागली.

त्याआधी आर्ची हे नाव माहीत होतं ते इंग्रजी कॉमिक वाचणाऱ्यांना, तेही लाल केसांच्या एका अमेरिकन पोराचं म्हणून. आणि आर्ची साकारणारी अकलूजची रिंकू राजगुरू? रिंकू हे घरातलं नाव. कागदोपत्री ती प्रेरणा. म्हणजे एक प्रेरणा रिंकू म्हणून वाढली आणि आर्ची म्हणून महाराष्ट्राला कळली. मराठी मुलीचं नाव काय, या प्रश्नाला ‘विचारतंय कोण?’ असा उलट प्रश्न करणंच रास्त.

सध्याच्या आईबापांना हे पटत नाही. त्यांची सगळी भिस्त अर्थावर. बाळ यायच्या आधीच घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला जातो, त्यात काका-मामा आणि दुबईची मावसबहीण नावं ओतत राहतात, आणि प्रत्येक नावाला दारातच अडवून विचारलं जातं, ‘अर्थ काय?’ अन्वी, अद्विका, इरा, सान्वी, मायरा. कुणी सांगतं देवीचं नाव आहे, कुणी सांगतं वेदात आहे. कोणत्या वेदात, हे विचारायची रीत नाही. ‘देवी’, ‘तेजस्वी’ किंवा ‘अद्वितीय’ यांपैकी एक अर्थ निघाला की नाव पास.

आता अर्थ देतो शब्दकोश, पण नावाला चेहरा मिळतो तो त्या नावाच्या आधीच्या मालकिणीचा. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची, हे कोशात. एखाद्याच्या डोक्यात मात्र सुलोचना म्हणजे नववीला भूमिती शिकवणाऱ्या, जाड भिंगांच्या बाई, आणि त्या भिंगांतून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारी नजर. त्याच्या मुलीचं नाव आता सुलोचना ठेवणं शक्य नाही. नावांचं पुस्तक घेऊन बसलेल्या नवराबायकोचं बोलणं म्हणूनच अर्थावरून सुरू होतं आणि भलतीकडेच पोहोचतं.

‘सुजाता?’

‘शेजारी होती आमच्या. नळावर भांडायची.’

‘वैदेही?’

‘ऑफिसात आहे. रजा मंजूर करत नाही.’

‘मानसी?’

‘कोण मानसी?’

‘कुणी नाही गं. सहज सुचलं.’

‘एवढ्या जाड पुस्तकात तुला नेमकं हेच बरं सहज सुचलं!’

मानसी त्या घरात पुन्हा निघत नाही. दुसरी मुलगी झाली तरी नाही.

अर्थ आणि आठवणी या दोन्हींतून निभावलेल्या नावाला पंचांग गाठतं. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण आणि प्रत्येक चरणाचं एक आद्याक्षर. रोहिणीवर मूल झालं तर ओ, वा, वी, वू; वाणी, वीणा, वासंती, सगळं जागेवर. हस्ताची अक्षरं मात्र पू, ष, ण, ठ. पहिल्या चरणावर पूजा, पूर्वा, पूनम यांची चंगळ. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलीसाठी ण. मराठीत णवरून नाव नाही, णवरून काहीच नाही. चौथ्या चरणावर ठ, म्हणजे पर्याय दोन: ठकी आणि ठमी. पूर्वाषाढेच्या चौथ्या चरणाला ढा. आर्द्रेच्या तिसऱ्याला तर ङ, जे अक्षर बहुतेकांनी मुळाक्षरांच्या तक्त्याबाहेर कधी पाहिलेलंही नसतं. ज्योतिषाकडे यावर तोडगा असतो: जन्मनाव पत्रिकेत ठेवा, व्यवहारनाव वेगळं घ्या. म्हणजे बाळ आठ दिवसांचं होतं न होतं तोच त्याला दोन नावं.

तिसरं नाव बारशालाच मिळतं. रीत अशी की आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि त्याच क्षणी बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. इतकं सोसून, घुगऱ्या वाटून जाहीर केलेलं नाव संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. पाहुणे गेले की मुलगी चिऊ झालेली असते. नाहीतर माऊ, मनी, छकुली, बबडी, पिल्लू. मराठी घरांना मुलींची नावं ठेवताना वेद-पुराणं आठवतात आणि हाका मारताना पक्षी-प्राणी. चिं. वि. जोशींनी हे फार पूर्वी हेरलं होतं. त्यांच्या चिमणरावांची बायको काऊ, मुलगी मैना आणि मुलगे मोरू नि राघू. अख्खं कुटुंब झाडावर बसवता आलं असतं.

चिऊ-माऊ पदरात पडल्या नाहीत, तर मुलीचं खरं नाव मोडून वापरतात, पण तेही वाटेल तसं मोडत नाहीत. शकुंतलेची शकू, इंदिरेची इंदू, मालतीची मालू: शेवटी ऊ आला की समजावं, हाक लाडाची आहे, मारणारं माणूस वडीलधारं आहे. सुमतीची सुमी, मंदाकिनीची मंदी, प्रमिलेची पमी: ई म्हणजे मैत्रिणींची बरोबरी, किंवा भावाचं वैर. आणि लांबून बोलवायचं तर ए. ‘मंदेऽऽ’, ‘कमळेऽऽ’ ही हाक वाड्याच्या पुढच्या दारातून परसातल्या विहिरीपर्यंत आरामात जाते. पूर्ण नाव घरात फक्त संकटकाळी उच्चारलं जातं. ‘मंदाकिनी, जरा इकडे ये’ असं शांतपणे म्हटलं गेलं, की लोणच्याच्या बरणीचं प्रकरण उघडकीस आलेलं असतं.

नव्या नावांपुढे ही सगळी यंत्रणा हात टेकते. इरा तोडायची कुठे? अन्वीला ई आधीच लागलेली. मायराला ‘मायरे’ म्हटलं तर आई दुखावते. शेवटी आजी वैतागून ‘चिऊ’ म्हणते आणि मुलगी ओ देते.

काहींचं घरातलं नाव घराबाहेर पडतं आणि मग आवरत नाही. महाराष्ट्रात सत्तरी उलटलेल्या बेबीताया, बेबीआत्या, बेबीमावश्या किती असतील! नातवंडं झाली, कवळी आली, तरी बेबी. या नावाला हसणाऱ्याने फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचावं. दलित स्त्रीचं जगणं सांगणाऱ्या त्या आत्मकथनानंतर हे नाव बाळबोध राहत नाही. त्याहून गमतीची कथा बाळूताई खरे यांची. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि सुशिक्षित मुलींच्या मनातल्या गोष्टी उघड मांडल्या म्हणून मराठी समाजात खळबळ उडाली. लेखिका विभावरी शिरूरकर. नाव कसं भारदस्त, गूढ, सायंकाळी खिडकीत उभं राहणारं! त्यामागे होत्या बाळूताई. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई झाल्या. ते पुस्तक बाळूताई खरे या नावाने निघतं, तर लोकांनी ते मुलांच्या कपाटात ठेवलं असतं.

पूर्वी नावाची मुदतच लग्नापर्यंत असे. ताटात तांदूळ पसरायचे आणि त्यात नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. एकोणिसाव्या शतकातल्या यमुनांनी तर हे गृहीतच धरलेलं असावं. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली. कल्याणच्या जोश्यांची यमुना गोपाळरावांच्या घरी आनंदी झाली आणि डॉक्टर होऊन आली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूशी पुनर्विवाह केला, तिचंही नाव आनंदी ठेवलं, पण लोकांनी तिला म्हटलं बाया. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरी मनकर्णिका तांबे. दोघी घरात मनू, दोघी सासरी लक्ष्मी. एवढ्या विचाराने ठेवलेलं नाव नवऱ्याच्या जिभेवर मात्र येत नसे. तांदूळ गोळा करून डब्यात गेले, की पुढची पन्नास वर्षं ‘अगं ए’.

नाटक-सिनेमावाल्यांनाही हा नामांतराचा छंद जडला. रतन साळगावकर हंसा वाडकर झाल्या, सरोज शिलोत्री शोभना समर्थ, विजया देशमुख संध्या. अंबा सगुण ललिता पवार झाल्या आणि त्या नावाची गंमतच झाली. ललिता म्हणजे सुकुमार, नाजूक. पण ललिता पवारांनी पडद्यावर इतक्या सुनांना घराबाहेर काढलं, की दोन पिढ्यांना ललिता म्हटलं की एक डोळा बारीक करून पाहणारी सासू दिसे. ऐंशीच्या दशकात टीव्हीवर सर्फच्या जाहिरातीत ललिताजी आल्या आणि भाजीवाल्याशी घासाघीस करून त्यांनी त्या सासूला बाजूला सारलं. आता ललिता काटकसरी झाली. मुळातली नाजूक ललिता मधल्या मध्ये कुठे गेली, कळलं नाही.

लता मंगेशकरांचं नाव तर थेट नाटकातूनच आलं. १९२९ साली त्या जन्मल्या तेव्हा नाव हेमा होतं. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकात लतिका आहे, तिच्यावरून मा. दीनानाथांच्या या मुलीची लता झाली. आज लता म्हणजे वेल, हा अर्थ भारतात कुणालाच आठवत नाही. नावाने अर्थाला पूर्ण झाकून टाकल्याचं याहून मोठं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मराठी नाटकांनी मुलींच्या नावांवर जे शिक्के मारले ते सहज पुसले गेले नाहीत. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. दारुड्या नवऱ्यासाठी जात्यावर दळण दळणारी सिंधू बालगंधर्वांनी उभी केली आणि सिंधू हे नाव डोळ्यांत पाणी घेऊनच घराघरांत शिरलं. जवळपास शंभर वर्षं सिंधू सोशिक राहिली. मग २०१६च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूने स्मॅश मारायला सुरुवात केली. हातात जात्याच्या खुंट्याऐवजी रॅकेट, शेवटी रौप्यपदक. त्या एकाच वर्षी अर्चनाही सुटली आणि सिंधूही.

विजय तेंडुलकरांनी १९७२च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये एकाच घरात दोन नावं आणून ठेवली. लक्ष्मी देवपूजा करणारी, मुंगळ्याशी बोलणारी. चंपा बिनधास्त, सखारामलाच दरडावणारी. या दोन नावांची अदलाबदल करून पाहावी, नाटक पहिल्या अंकातच अडखळेल. हीच विभागणी चव्वेचाळीस वर्षांनी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मालिकेने केली. बायको राधिका, मसाले करणारी. दुसरी शनाया. मालिका चालली त्या काळात एखाद्या खऱ्याखुऱ्या शनायाची हळदीकुंकवाला ओळख करून दिली जायची, तेव्हा वाण घेता घेता दोन बायका तरी एकमेकींकडे पाहायच्या.

शाळेच्या हजेरीपटावरून मुलीचं जन्मदशक सांगता येतं, त्याला जन्मतारखेचा रकाना लागत नाही. गोदावरी, यमुना, भागीरथी, नर्मदा ही नद्यांची पिढी. नंतर कुसुम, कमल, मालती, शेवंती असा फुलांचा बहर. मग ता-कारान्त लाट: सुनीता, अनिता, कविता, संगीता, सविता, पाचही जणी एकाच बाकावर. मग लीची: रूपाली, दीपाली, सोनाली, वैशाली, मिताली. वृषाली या रांगेत नाद जुळला म्हणून बसलेली दिसते, पण तिच्यामागे कर्णाची पत्नी आहे. १९६७च्या ‘मृत्युंजय’ कादंबरीत शिवाजी सावंतांनी तिला एक अख्खा भाग बोलायला दिला, आणि कादंबरी वाचणाऱ्या आयांनी ते नाव उचललं. १९७३च्या ‘बॉबी’नंतर डिंपल नावाच्या मुली आल्या, त्यांतल्या निम्म्यांना गालावर खळी नव्हती. नव्वदीत पूजा, प्रियांका, नेहा, स्नेहा. २०११च्या नोव्हेंबरात बच्चनांच्या घरी नात आली, तिचं नाव आराध्या ठेवलं गेलं आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या बालवाड्यांत तीन-तीन आराध्या रडू लागल्या.

सगळीच नावं कौतुकाने ठेवलेली नसतात. मुलगाच हवा असलेल्या घरात तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला नकुशा म्हणत. हे नाव देवाला उद्देशून असे: मुली पुरे झाल्या. पत्र देवाच्या नावे, पण ते जन्मभर वागवायचं मुलीने. २०११च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी कार्यक्रम करून अशा २८५ मुलींची नावं बदलण्यात आली. कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी सावित्री, कुणी वैशाली. ज्यांना आजवर कुणी नावाबद्दल काही विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःची नावं स्वतः निवडली. सिंधुताई सपकाळांना लहानपणी घरी चिंधी म्हणत. त्यांनी पुढे हजारभर मुलांना मायेखाली घेतलं आणि त्या सगळ्यांनी त्यांना एकच नाव दिलं, माई.

माणसांनी वापरून झाल्यावर मुलींची नावं यंत्रांना मिळाली. सकाळी सुजाता चटणी वाटते, नाहीतर प्रीती वाटते. दुपारी डोक्यावर उषा फिरते आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेली दुसरी उषा दिवाळीआधी ब्लाउज शिवते. अंजली भाजी चिरते. पद्मिनी म्हणजे चितोडची राणी हे इतिहासाच्या पुस्तकात; मुंबईकराची पद्मिनी काळी-पिवळी होती, मीटर बाहेरून पाडावा लागे आणि ती दादरहून ‘बोरिवली नहीं जाएगा’ म्हणायची. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. साताऱ्यात बनणारी बजाज प्रिया त्याआधीच निवृत्त झाली होती. ती त्या काळच्या स्कूटरींच्या रिवाजाप्रमाणे सकाळी एका बाजूला कलती केल्यावर सुरू व्हायची. त्या काळी नवऱ्याने बायकोला ‘प्रिये’ म्हटलं तर ती आधी अंगणात पाहत असे.

पण नावांचा सगळ्यात मोठा संसार मांडला आहे तो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने. त्यांच्या रब्बी ज्वारीच्या वाणांची यादी मुलींच्या हायस्कूलची वाटावी: फुले यशोदा, फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले अनुराधा, फुले रेवती. प्रत्येकीचा स्वभाव शिफारशीसकट छापलेला. भारी जमीन असेल तर वसुधा किंवा यशोदा घ्यावी. मध्यम जमिनीत सुचित्रा. हलक्या, कमी पाण्याच्या रानात अनुराधाच टिकते. हुरड्याला उत्तरा, लाह्यांना पंचमी, पापडाला रोहिणी. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या कृषी सेवा केंद्रात उभं राहिलं तर कानांवर विश्वास बसत नाही.

‘गेल्या साली सुचित्रा केली. बरी निघाली, पण उंचीला कमी.’

‘मग औंदा अनुराधा करा. पाणी नसलं तरी कुरकुरत नाय.’

‘अन् वसुधा?’

‘वसुधा तुमच्या रानाला झेपायची नाय.’

हे सारं पार गंभीर चेहऱ्याने, बियाण्याची पिशवी हातात तोलत. पुण्याच्या विवाहमंडळांना जे वर्णन वर्षानुवर्षं साधलं नाही, ते राहुरीच्या पत्रकात चार ओळींत उतरलेलं आहे.

जनावरांनीही वाटा उचलला आहे. गंगा, गौरी, लक्ष्मी, कपिला ही नावं गोठ्यात आणि माजघरात एकाच वेळी नांदत आली. ‘गंगे’ म्हणून हाक मारल्यावर कोण येईल याची खात्री नसे. ताडोबात माया म्हटलं की वेदान्त आठवत नाही, वाघीण आठवते. आणि माधुरी? १९८८च्या ‘तेजाब’नंतर माधुरी म्हणजे फक्त दीक्षितांची, यावर देशाचं एकमत होतं. म. फि. हुसेन यांनी तर २००० साली तिच्यावर ‘गजगामिनी’ नावाचा चित्रपटच काढला. पंचवीस वर्षांनी, २०२५ साली, कोल्हापूर जिल्ह्यात माधुरी परत मिळावी म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले. ही माधुरी नांदणीच्या जैन मठाची हत्तीण, कागदोपत्री महादेवी. न्यायालयाच्या आदेशानंतर तिला गुजरातेत ‘वनतारा’त नेण्यात आलं होतं. हुसेन यांचं शीर्षक शेवटी शब्दशः खरं ठरलं, फक्त भलत्या माधुरीबाबत.

एखादं नाव मात्र विनाकारण भरडलं जातं. शांता पाहा. शांता शेळके, शांता आपटे, शांता हुबळीकर, शांता जोग. कविता, सिनेमा आणि रंगभूमी यांचा अर्धा इतिहास या नावाने लिहून होईल. हिंदी सिनेमाने मात्र भांडी घासायला येणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव शांताबाई ठेवलं, ती नाही आली तर कांताबाई. २०१५च्या आसपास ‘शांताबाई’ गाणं आलं आणि वरातीत, गणपतीत, रिक्षात असं वाजलं की शांता नावाच्या आजींनी ‘आमचं नाव आता डीजेवर गेलं’ म्हणून पदर तोंडाला लावला. हसत होत्या की लाजत होत्या, सांगणं कठीण. गंगूबाईचंही तेच. एकीकडे गंगूबाई हनगल, दुसरीकडे निर्मिती सावंत यांची ‘कुमारी गंगूबाई नॉन मॅट्रिक’. नाव ऐकल्यावर मान आदराने झुकावी की हसू फुटावं, हे समोरच्याच्या घरात रेडिओ जास्त लागे की टीव्ही, यावर ठरे.

परदेशातल्या मराठी घरांची अडचण निराळी. तिथे नावाचा अर्थ बाजूला राहतो, प्रश्न पडतो तो शेजाऱ्याला ते उच्चारता येईल का, हा. न्यू जर्सीत ज्ञानदा ठेवून चालत नाही. प्राजक्ता कॉफीच्या कपावर कशी उमटेल, हे प्राजक्तालाच माहीत. मृण्मयीने तर शाळेत पहिल्याच दिवशी ‘कॉल मी मिया’ म्हणून प्रकरण मिटवलेलं असतं. म्हणून मीरा, माया, लीला, अनिका, रिया अशी दोन्हीकडे चालणारी नावं निवडतात. गंमत म्हणजे लीला आणि मीरा इकडे कधीच्या आजीच्या खात्यात जमा झाल्या होत्या. आता सुट्टीत आलेली सहा वर्षांची लीला सदाशिव पेठेतल्या लीलाआजींच्या समोर उभी राहते. लीलाआजींना वाटतं, आपलं नाव पुढे चाललं. लीलाच्या बाबांनी ते गुगलवर ‘इझी टू प्रोनाउन्स’ असं शोधून काढलेलं असतं.

इकडे महाराष्ट्र सरकारने नावाच्या मांडणीतच हात घातला आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं आहे. आजवर आईचं नाव वेगळ्या रकान्यात कोपऱ्यात बसायचं; आता ते थेट मुलीच्या नावाला खेटून उभं राहिलं. पण ज्या आता बाळांच्या आया झाल्या, त्या स्वतः नव्वदीतल्या. म्हणजे पूजा, स्नेहा, प्रियांका. त्यांनी मुलींसाठी मात्र दुर्मिळ नावं शोधली आहेत, आणि सगळ्यांनी त्याच चार संकेतस्थळांवर शोधली आहेत. २०३० साली पहिलीच्या वर्गात बाई हजेरी घेतील ती अशी: अन्वी पूजा सचिन, अद्विका पूजा अमोल, अन्वी स्नेहा सचिन, आराध्या पूजा अमोल. तिसऱ्या दिवशी बाई कंटाळतील आणि आडनावांवर येतील. आडनावं दोघीचौघींची जुळली, की ‘मोठी पाटील’ आणि ‘छोटी पाटील’ असा निवाडा होईल. शाळा सुटल्यावर फाटकाशी एखादी आजी मोठ्याने ‘चिऊ!’ म्हणेल, तर चार जणी दप्तरं घेऊन तिच्याकडे धावतील, आणि त्यांतली आपली कोणती, हे आजी चष्मा पुसून पाहील.